पाव इंचाचा हिशेब

माझ्या शिवणाच्या टेबलावर सध्या लॉग केबिनचे, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडत केलेल्या नमुन्याचे, ब्लॉक रचलेले आहेत. आडवे 7, उभे 8. प्रत्येक ब्लॉक शिवून झाल्यावर 8 इंचांचा, म्हणजे पूर्ण गोधडी 56 बाय 64 इंच. आरामखुर्चीत वाचत बसलं की गुडघ्यापासून पावलांपर्यंत नीट झाकेल एवढी. मुलीसाठी आहे. रंग तिने सांगितले: एका बाजूला निळ्याच्या सगळ्या छटा, दुसऱ्या बाजूला पांढरा, दुधी, फिकट राखाडी, आणि प्रत्येक ब्लॉकच्या मध्यभागी एकच विटकरी चौकोन. बाकीचं माझ्यावर सोडलं.

नोकरीची सगळी वर्षं मी टूलरूममध्ये काढली. लेथ, मिलिंग, सरफेस ग्राइंडर. शिवणकामात आलो तो घरातलं मशीन दुरुस्त करायच्या निमित्ताने. शटल उघडून आतलं काम बघितलं आणि तिथेच अडकलो. दोन धागे एकमेकांत गुंफायला एवढीशी यंत्रणा इतक्या वेगाने, इतक्या अचूकपणे फिरते हे बघून मला जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. त्यामुळे गोधडीकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. लोक रंगापासून सुरुवात करतात, मी मापापासून करतो. आणि माझं ठाम मत झालं आहे की गोधडीचा निकाल मशीनवर बसण्याच्या आधीच बराचसा लागलेला असतो: कापताना, आणि नंतर इस्त्री करताना. चांगलं मशीन घेतलं की काम चांगलं होईल असं समजून जे लोक मशीनमागे लागतात, त्यांना मी आधी पट्टी आणि पातं बघायला सांगतो.

याच लॉग केबिनचा हिशेब मांडतो म्हणजे कळेल. मधला चौकोन अडीच इंचांचा कापायचा. चारी बाजूंना पाव-पाव इंच शिवणीत गेलं की तो 2 इंचांचा उरतो. त्याच्या भोवती दीड इंच रुंदीच्या पट्ट्या लावायच्या, त्या शिवून 1 इंच दिसतात. दोन लगतच्या बाजूंना फिकट, उरलेल्या दोन बाजूंना गडद, असे तीन फेरे. म्हणजे ब्लॉकच्या मधून आडवी रेघ मारली तर ती 6 शिवणी ओलांडते. एका ओळीत 7 ब्लॉक, त्यांच्या 42 शिवणी, आणि ब्लॉक एकमेकांना जोडणाऱ्या आणखी 6. एकूण 48. आता समजा मशीनचा टाका पाव इंचापेक्षा फक्त पाव मिलिमीटर आत पडतोय. डोळ्याला दिसणारही नाही. पण शिवण दोन कापडांची असते, म्हणून प्रत्येक शिवणीमागे अर्धा मिलिमीटर गेला. 48 शिवणींमागे 24 मिलिमीटर. ओळ जवळजवळ एक इंचाने आखूड झाली!

ही चूक सगळीकडे सारखी असती तरी चाललं असतं, सगळी गोधडीच थोडी लहान झाली असती. पण ती सारखी नसते. सकाळी निवांत शिवलेल्या ब्लॉकमध्ये वेगळी, रात्री घाईने शिवलेल्यात वेगळी. मग ओळीला ओळ जोडायला घेतली की कोपरे जुळत नाहीत, आणि माणूस कापड ओढून जुळवायला लागतो. तिथून पुढे गोधडी सपाट पडत नाही ती नाहीच.

आणखी एक बारकावा. शिवण एका बाजूला पाडून इस्त्री केली की कापडाला धाग्यावरून वळावं लागतं, आणि त्या वळणातही कापडाची जाडी खर्ची पडते. म्हणून टाका बरोबर पाव इंचावर, म्हणजे 6.35 मिलिमीटरवर, घालून चालत नाही. एक-दोन धाग्यांच्या जाडीएवढा तो कडेकडे ठेवावा लागतो. हे अंतर प्रत्येकाच्या कापडावर, धाग्यावर आणि मशीनवर ठरतं, पुस्तकात सापडत नाही. पण तपासायला फार सोपं आहे. दीड इंची तीन पट्ट्या एकमेकींना शेजारी-शेजारी शिवायच्या, इस्त्री करायची, आणि मधली पट्टी मोजायची. बरोबर 1 इंच भरली तर मशीन कामाला तयार. कमी भरली तर टाका आत जातोय, जास्त भरली तर बाहेर. मी हे प्रत्येक नव्या गोधडीच्या आधी करतो, आणि धागा बदलला तर पुन्हा करतो.

मार्जिनसाठी, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या कडेसाठी, मशीनला लावायचं पाव इंची फूट (कापड दाबून धरणारा भाग) मिळतं, त्याच्या उजव्या कडेला छोटी पत्र्याची भिंत असते. ते चांगलं आहे, पण माझा जास्त भरवसा सुईखालच्या लोखंडी पट्टीवर चिकटवलेल्या मार्गदर्शकावर. जुन्या कार्डांचे चार-पाच थर एकावर एक डकवून केलेली जाड पट्टी, तिला कापडाची कड टेकवत जायचं. ती सुईच्या पुढे दोन-तीन इंच लांब असल्याने कापड सुईपाशी पोहोचण्याआधीच सरळ रेषेत येतं. फुटाची भिंत अगदी सुईपाशी असते, तिथे दुरुस्ती करायला वेळच मिळत नाही. फक्त पट्टी चिकटवताना ती दातांवर येऊ द्यायची नाही, कापड पुढे सरकायला दाते मोकळे लागतात.

कापण्याबद्दल मी जास्त बोलणार आहे.

1979 साली ओल्फा या जपानी कंपनीने रोटरी कटर आणला, आणि गोधडीचं काम त्यानंतर बदललं. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कात्री. साच्याच्या कडेने रेघ मारताना पेन्सिलीची जाडी, कापताना कात्रीने उचललेलं कापड, साच्याची झिजत जाणारी कड, या सगळ्यांची मिळून चूक. चाकाचं पातं कापड न उचलता दाबून कापतं, आणि पारदर्शक पट्टी तेच कापड घट्ट धरून ठेवते. पाती मुख्यतः 28, 45 आणि 60 मिलिमीटरची असतात. रोजच्या कामाला 45. गोलाईला 28, कारण लहान चाक वळणावर सहज फिरतं. 60 मी जाड थर एकदम कापायचे असतील तेव्हाच काढतो.

पातं बोथट झालं की ते सांगतं. ठरावीक जागी एखादा धागा न कापता राहतो, आणि तसाच धागा पुढे पुन्हा तेवढ्याच अंतरावर राहतो. चाकाच्या घेराएवढं ते अंतर असतं. 45 च्या पात्याचा घेर साधारण 14 सेंटिमीटर, म्हणून दर 14 सेंटिमीटरला राहिलेला धागा दिसला तर पात्याला एका जागी खाच पडली आहे. सगळीकडेच जोर लावावा लागत असेल तर धार गेली आहे. अशा वेळी जोर वाढवायचा नाही, पातं बदलायचं. जोर लावला की पट्टी सरकते, आणि पट्टी सरकली की पातं बोटावर येऊ शकतं. कटर हातातून खाली ठेवण्याआधी पातं झाकायचं, हा नियम आमच्या घरात नातीलाही पाठ आहे.

मापासाठी, कापताना खाली अंथरतो त्या मॅटवरच्या रेघा वापरायच्या नाहीत. मॅट सपाट राहायला हवी, पण ती ऊन लागलं किंवा गरम वस्तू ठेवली की वाकडी होते, आणि वाकलेली मॅट पूर्ववत करणं कठीण. माप पट्टीवरचं घ्यायचं. आणि एका गोधडीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पट्टी. दोन वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रेघांची जाडी वेगळी असते, कधी छपाईही किंचित वेगळी असते. कापडाची कड रेघेच्या आत धरायची, वर धरायची की बाहेर, हे एकदा ठरवलं की शेवटच्या तुकड्यापर्यंत तसंच.

लॉग केबिनच्या पट्ट्या मी आधीच नेमक्या लांबीच्या कापून घेतो. फिकट पट्ट्या अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच, साडेसहा, साडेसात. गडद साडेतीनपासून साडेआठपर्यंत. पुष्कळ जण लांबच लांब पट्टी लावतात, शिवतात आणि उरलेली कापून टाकतात. त्यात वेळ वाचतो हे खरं. पण कापलेल्या पट्टीचा एक फायदा असा की ती आपोआप गेजचं काम करते. आम्ही टूलरूममध्ये गो आणि नो-गो गेज वापरायचो: एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. इथे साडेपाच इंचांची पट्टी ब्लॉकच्या कडेला ठेवली आणि ती लांब किंवा आखूड वाटली, तर आधीच्या शिवणीत चूक आहे हे तिथल्या तिथे कळतं, आणि एक शिवण उसवून प्रश्न मिटतो. लांब पट्टी लावून कापली तर ती चूक कापलेल्या टोकाबरोबर नजरेआड होते आणि ब्लॉकमध्ये मुरते. शिवाय लांब पट्टी शिवताना हात नकळत ती ओढतो. ओढलेली पट्टी नंतर आखडते, आणि ब्लॉक वाटीसारखा मध्यात फुगतो.

कापडाचा अंदाज द्यायचा तर एका ब्लॉकमध्ये फिकट पट्ट्यांची लांबी मिळून 30 इंच आणि गडद पट्ट्यांची 36 इंच होते. गडद पट्ट्या नेहमी फेऱ्याच्या बाहेरच्या बाजूला येतात म्हणून त्या जास्त. 56 ब्लॉकला फिकट 1680 इंच, गडद 2016 इंच. 42 इंच पन्ह्याच्या कापडातून किनार सोडून 40 इंच उपयोगी धरले, तर फिकटच्या 42 पट्ट्या आणि गडदच्या 51. दीड इंची पट्टीने फिकट 63 इंच आणि गडद साडेशहात्तर इंच कापड. आकडे कागदावर नेमके येतात, पण कड सरळ करण्यात आणि तुकड्यांच्या उरलेल्या टोकांत कापड जातंच. मी फिकट 2 मीटर आणि गडद अडीच मीटर धरलं.

या पट्ट्या कापताना कापडाची दिशाही बघायची. उभा धागा, म्हणजे किनारीला समांतर जाणारा ताणा, सगळ्यांत कमी ताणतो. आडवा बाणा थोडा जास्त. उरेब, म्हणजे 45 अंशांत तिरपं कापलेलं, रबरासारखं ताणतं. म्हणून लांब पट्ट्या मी शक्य तेव्हा किनारीला समांतर काढतो. त्रिकोणांना एक तरी बाजू उरेब येतेच, तिथे ती बाजू ब्लॉकच्या बाहेरच्या कडेला येणार नाही अशी रचना करायची.

त्रिकोणांचा विषय निघालाच आहे तर एक जुनं कोडं. दोन त्रिकोण जोडून चौकोन करायचा असेल तर तयार मापात सात-अष्टमांश इंच मिळवून चौकोन कापा आणि कर्णावर दोन करा, असं सगळीकडे सांगतात. हा सात-अष्टमांश आला कुठून? काटकोन त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाव इंच मार्जिन द्यायचं, तर सरळ बाजूला पाव इंचाची 2 अधिक वर्गमूळ 2 पट वाढ लागते. 0.25 गुणिले 3.414, म्हणजे 0.854 इंच. सात-अष्टमांश म्हणजे 0.875. म्हणजे सूत्रातच अर्धा मिलिमीटर जास्तीचा दिलेला आहे, पट्टीवर जवळची रेघ तीच असते म्हणून. म्हणून मी सरळ 1 इंच मिळवून कापतो, शिवतो, इस्त्री करतो, आणि मग पट्टीची 45 अंशांची रेघ शिवणीवर ठेवून चौकोन मापात छाटतो. छाटायला वेळ जातो, पण उरेब कर्णाने इस्त्रीखाली जी काही ओढाताण केली असेल ती छाटणीत निघून जाते.

इस्त्रीबद्दल थोडक्यात, पण हे थोडक्यातलं फार महत्त्वाचं आहे. कपड्यांना आपण इस्त्री फिरवतो. गोधडीच्या तुकड्यांवर ती ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. फिरवली की शिवण सरकते आणि उरेब कडा लांबतात. आधी शिवण मिटलेली असतानाच तिच्यावर इस्त्री दाबायची, त्याने टाके कापडात बसतात. मग उघडून, शक्यतो गडद कापडाच्या बाजूला पाडायची, म्हणजे फिकट कापडातून मार्जिन दिसत नाही. दाबलेला तुकडा थंड होईपर्यंत सपाट ठेवायचा, गरम असताना उचलला तर हातात येईल तो आकार घेतो. ओळींच्या जोडशिवणी एका ओळीत डावीकडे आणि पुढच्या ओळीत उजवीकडे पाडल्या, तर दोन ओळी समोरासमोर ठेवताच त्या एकमेकींत बसतात. बोटांनाच कळतं. तिथे टाचणी नाही लावली तरी कोपरा जुळतो.

आता मशीन.

माझं मशीन काळं, ओतीव लोखंडाचं, फक्त सरळ टाका घालणारं आहे. तुकडे जोडायला याच्यापेक्षा चांगलं मशीन मला नको. झिगझॅग मशीनच्या सुईपट्टीला आडवी लांब खाच असते, कारण सुई डावी-उजवी हलते. त्या खाचेत लहान तुकड्यांचे कोपरे ओढले जातात. सरळ टाक्याच्या पट्टीला फक्त छोटं गोल भोक, कापडाला खाली जायला जागाच नाही. ज्यांच्याकडे झिगझॅग मशीन आहे त्यांनी सरळ टाक्याची वेगळी पट्टी मिळते का ते बघावं, मात्र ती लावल्यावर झिगझॅग चालू करायचा नाही, सुई लोखंडावर आपटेल. सरळ टाक्याच्या मशीनचं क्विल्ट करणाऱ्यांना किती प्रेम असतं याचं उदाहरण म्हणजे सिंगरचं 221, ज्याला फेदरवेट म्हणतात. ॲल्युमिनियमचं अंग, वजन जेमतेम 5 किलो, 1933 मध्ये बाजारात आलं, आणि आजही लोक ते शोधून, साफ करून त्यावर गोधड्या शिवतात.

सुईबद्दल लोक फार निष्काळजी असतात. पाकिटावर 80/12 असे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सुईचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: 80 म्हणजे 0.8 मिलिमीटर. तुकडे जोडायला मी 75/11 किंवा 80/12 वापरतो, वरचं जोडकाम, मधला कापूस आणि खालचं अस्तर हे तीन थर एकत्र शिवताना 90/14. सुई वाकली किंवा बोथट झाली की टाका का सुटतो हे एकदा समजलं की माणूस सुई वेळेवर बदलतो. सुई तळाला जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागच्या खोलगट भागापाशी धाग्याचा छोटा फुगवटा तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक तिथून जातं आणि तो फुगवटा पकडतं. सुई केसभर वाकलेली असेल तर फुगवटा आणि टोक यांची भेट चुकते. टाका सुटला म्हणून लोक टेन्शनचा, म्हणजे धाग्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवत बसतात. आधी सुई बदला. मग धागा काढून पुन्हा ओवा, आणि ओवताना फूट वर उचललेलं असू द्या. फूट खाली असलं की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यामध्ये बसतच नाही, आणि खालच्या बाजूला धाग्यांचा गुंता होतो. एवढं करूनही बिघाड राहिला तरच स्क्रूला हात लावायचा.

सुती कापड आणि सुती धागा मिळून बराच कोंडा पाडतात. दातांच्या मधल्या खाचांत तो दाबून बसतो आणि कापड नीट पुढे सरकत नाही. ब्रशने बाहेर काढायचा, फुंकर मारून आत ढकलायचा नाही. ज्या मशीनला तेल लागतं त्याला शिवणयंत्राचंच पातळ तेल, एकेका जागी एक थेंब, आणि मग चिंधीवर थोडं शिवून जास्तीचं तेल निघून जाऊ द्यायचं. धागा 50 नंबरचा सुती, टाक्याची लांबी 2 ते 2.2 मिलिमीटर. धाग्याच्या नंबरात आकडा लहान म्हणजे धागा जाड, त्यामुळे 40 नंबर 50 पेक्षा जाड. जाड धागा शिवणीत जास्त जागा घेतो. ती तीन पट्ट्यांची चाचणी धागा बदलल्यावर पुन्हा करायची ती याचसाठी.

नातीला मशीनवर बसायचं होतं. तिला मी आधी सुईत धागा न ओवता रेघांच्या वहीचा कागद दिला, आणि रेघेवरून शिवायला लावलं. सुईची भोकं रेघेवर पडली की नाही ते लगेच दिसतं. कागदाला वापरलेली सुई कापडाला पुन्हा वापरायची नाही, म्हणून त्यासाठी एक उतरलेली सुई बाजूला ठेवली आहे. "आजोबा, वळणावर कसं करू?" म्हणून तिनेच विचारलं. सुई कागदात खाली असू दे, फूट उचल, कागद फिरव, फूट खाली घे. हे तिला एकदाच सांगावं लागलं. बाहुलीसाठी चार तुकड्यांच्या ब्लॉकची छोटी गोधडी तिने आता स्वतः जोडली आहे, आणि तिचे कोपरे सुरेख जुळलेत.

माझ्या बायकोचं काम निराळं. ती मशीन वापरत नाही. वापरून मऊ झालेल्या सुती कापडांचे थर, वर तिने जुळवलेले तुकडे, आणि सगळं हाताने धावदोऱ्याने भरलेलं. तिची सुई आखूड असते. अशा सुयांचा नंबर वाढला की सुई लहान होते, ती 9 किंवा 10 नंबरची घेते. मधल्या बोटात अंगुस्तान, आणि खालच्या हाताचं बोट सुईचं टोक जाणवताक्षणी तिला वर ढकलतं. चार टाके सुईवर भरले की एकदम ओढ. गाठ ती वर दिसू देत नाही, धाग्याला हलका झटका देऊन आतल्या थरात ओढून घेते. तिचं एकही माप पट्टीवरचं नाही, आणि तिची गोधडी अंगावर जशी पडते तशी माझी एकही पडत नाही.

लॉग केबिनला मी अर्ध्या-अर्ध्या इंचावर समांतर शिवणी घालायचं ठरवलं होतं. चिंधीवर नमुना केला, तिला दाखवला. तिने तो हातात चुरून पाहिला.

"अहो, ही अंगावर घ्यायची आहे ना? पुठ्ठा झालाय हा."

"अगं, पण ओळी किती सरळ आल्यात बघ."

"ओळी सरळ आहेत, कोण नाही म्हणतंय. पोरीच्या गुडघ्यावर मोडली पाहिजे ती."

ती बरोबर होती. शिवणी जितक्या दाट तितकी गोधडी ताठ, कारण प्रत्येक शिवण तिन्ही थर जागेवर बांधते आणि थरांना एकमेकांवर सरकू देत नाही. दुसऱ्या टोकाला मर्यादा बॅटिंगची, म्हणजे मधल्या कापसाच्या थराची. दोन शिवणींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. त्याच्या पलीकडे गेलं तर धुतल्यावर आतला कापूस सरकून गोळे होतात. माझ्या सुती बॅटिंगला 8 इंचांपर्यंत मुभा आहे. मग असं ठरलं: फक्त ब्लॉकच्या कर्णांवरून, फिकट आणि गडद जिथे भेटतात त्या तिरप्या रेषांवरून मशीनची शिवण, आणि मधल्या विटकरी चौकोनांभोवती तिचा हाताचा धावदोरा.

तीन थर एकत्र करायचं काम येत्या दिवसांत आहे. अस्तर चारी बाजूंनी 3 ते 4 इंच मोठं, जमिनीवर उलटं पसरून कडांना चिकटपट्टी, ताठ पण ताणलेलं नाही. ताणलं तर पट्टी काढताच ते आखडतं आणि वरच्या बाजूला सुरकुत्या येतात. त्यावर बॅटिंग, त्यावर टॉप, म्हणजे जोडलेल्या ब्लॉकचा थर, आणि मध्यापासून बाहेरच्या दिशेने तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. मशीनला वॉकिंग फूट लावणार. खालचे दाते फक्त खालचा थर ओढतात, वरचा मागे राहतो. वॉकिंग फुटाचे स्वतःचे दाते वरूनही कापड पुढे नेतात, त्याचा दांडा सुईच्या स्क्रूवर टेकलेला असतो म्हणून सुईबरोबरच ते चालतात. गोधडीचं वजन टेबलावर टेकलेलं पाहिजे. कडेवरून खाली लोंबायला लागली की ती सुईला मागे खेचते आणि टाके लहान-मोठे पडतात. म्हणून मशीनच्या डावीकडे आणि मागे आणखी एक टेबल जोडतोय.

रेघा आखायला निळं पेन वापरणार नाही. ते पाण्याने जातं, पण त्याआधी इस्त्री लागली तर डाग पक्का होऊ शकतो. उष्णतेने पुसणारी पेनं मिळतात, त्यांच्या रेघा थंडीत परत उमटू शकतात. मी बोथट कडेचं प्लास्टिकचं सपाट हत्यार पट्टीच्या कडेने दाबून ओढतो. कापडावर नुसती घडी उमटते, शिवेपर्यंत राहते, धुतली की जाते.

गोटाचं कापड कापून झालं आहे. घेर 240 इंच, कोपऱ्यांसाठी आणि शेवटच्या जोडासाठी 15 इंच जास्तीचे. अडीच इंची 7 पट्ट्या, 45 अंशांत जोडलेल्या. तिरप्या जोडामुळे मार्जिनचे थर एका जागी न येता पसरतात, गोट दुमडताना गाठ लागत नाही. 7 पट्ट्यांचे 280 इंच, 6 जोडांत प्रत्येकी अडीच इंच गेले, उरले 265. लागतात 255. 10 इंच शिल्लक राहतात, त्यांतला तुकडा मी मागच्या कोपऱ्यात पट्टीसाठी ठेवला आहे. तिच्यावर साल, बॅटिंगचा प्रकार आणि धुण्याच्या पाण्याचं तापमान लिहिणार. ते लिहिलेलं नसेल तर पुढे कोणीतरी ती गरम पाण्यात घालतं, आणि सुती बॅटिंग एकदम आटतं.